दोन जोड्या, एक टाकी

मागच्या महिन्यात आमच्या रुग्णालयातले एक तरुण भूलतज्ज्ञ ओपीडी संपल्यावर माझ्या टेबलाशी येऊन बसले. मुलीच्या वाढदिवसासाठी त्यांनी खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी बसवली आहे आणि तिला हवे आहेत 'निमो', म्हणजे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले क्लाउनफिश. एक नाही, दोन जोड्या. दुकानदार म्हणाला होता, एकाच जातीचे आहेत, मजेत राहतील. "मॅडम, तुमच्याकडे आहेत ना? चालेल ना?"

मी इतक्या तडकाफडकी 'नाही' म्हणाले की ते जरा ओशाळलेच. त्या 'नाही'मागे माझ्याच टाकीत मेलेली एक मादी आहे.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. घरी अडीचशे लिटरच्या टाकीत क्लाउनफिशची एक जोडी दोन वर्षं सुखाने नांदत होती. टाकीचा उजवा कोपरा त्यांचा, डावा रिकामा. रिकामी जागा दिसली की आपले हात शिवशिवतात. मी दुसरी जोडी आणली. पुस्तकात लिहिलेलं सगळं केलं. नवे मासे महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवले, दगडांची मांडणी बदलली, रात्री दिवे घालवून त्यांना सोडलं. पहिले तीन दिवस नुसती धुमश्चक्री. चौथ्या दिवसापासून शांतता. नवी जोडी वरच्या डाव्या कोपऱ्यात फिल्टरपाशी राहू लागली. 'जुळलं एकदाचं,' असं मी घरात जाहीरही करून टाकलं. अकराव्या आठवड्यात नवी मादी पंपामागे मेलेली सापडली. शेपटीचा पर कुरतडलेला, पोट खपाटीला गेलेलं.

वॉर्डात आम्ही इंटर्नना पहिल्याच आठवड्यात सांगतो, की कण्हणाऱ्या रुग्णाकडे सगळेच धावतात, तुम्ही आधी गप्प पडलेल्याकडे बघा. हे वर्षानुवर्षं सांगणारी मी, घरातली ती गप्प मादी अडीच महिने रोज बघत होते.

काय चुकलं ते कळायला या माशाचं शरीरशास्त्र थोडं समजून घ्यावं लागतं. समुद्रात क्लाउनफिश समुद्रफुलाच्या, म्हणजे अ‍ॅनिमोनच्या डंख मारणाऱ्या बोटांमध्ये राहतो. एका फुलावर साधारणपणे एकच गट असतो. त्यात सर्वांत मोठी ती मादी, तिच्या खालोखाल तिचा नर, आणि त्यांच्यानंतर उतरत्या आकाराचे दोन-चार मासे, जे प्रजननात भाग घेत नाहीत. मादी मेली की नराची मादी होते आणि रांगेतला पुढचा मासा नर होतो. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी 1977 मध्ये 'नेचर'मध्ये हे मांडलं, तेव्हापासून हा मासा जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला आहे. (त्या हिशेबाने 'फाइंडिंग निमो'तल्या बाबांचं पुढे काय व्हायला हवं होतं, हा प्रश्न मुलांसमोर काढू नये.) पुढे 2003 मध्ये पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीच्या समुद्रातल्या क्लाउनफिशबद्दल आणखी एक गोष्ट दाखवली. रांगेतला प्रत्येक मासा आपली वाढ अशी रोखून धरतो की वरच्यात आणि आपल्यात ठरावीक फरक राहील. आकाराने फार जवळ आलात तर हाकलले जाल. आणि समुद्रात फुलाबाहेर हाकललं जाणं म्हणजे बहुधा कुणाच्या तरी तोंडात जाणं.

आता यातला कळीचा मुद्दा. हा बदल एकेरी आहे. नराची मादी होते, मादीचा नर पुन्हा होत नाही. म्हणजे दुकानातून तयार जोडी आणून तुम्ही जुन्या जोडीशेजारी सोडता, तेव्हा टाकीत दोन माद्या असतात आणि दोघींपैकी एकीलाही माघार घेऊन नर होण्याची सोय नसते. बाकीच्या कित्येक प्राण्यांत हरलेला निघून जातो. इथे चार फुटांवर काच आहे.

टाकीत ती दुसरी मादी एकदम मरत नाही. मार खाते, मग कोपरा धरते. खायला घातलं की आधी जुनी जोडी येते, तिचं होईपर्यंत उरलेलं फिल्टरमध्ये गेलेलं असतं. माशांच्याही अंगात ताण आला की कॉर्टिसॉल वाढतं आणि ते दीर्घकाळ वाढलेलं राहिलं की प्रतिकारशक्ती ढासळते. अशा वेळी एरवी निभावून नेता आला असता असा परजीवीही जीव घेतो. क्लाउनफिशला 'ब्रुकलिनेला' नावाच्या एकपेशीय जीवाचा त्रास विशेष. अंगावर पांढुरका चिकट थर येतो, श्वास जोरात चालतो आणि मासा काही दिवसांत जातो. लोक मग पाणी तपासत बसतात.

त्यामुळे जोड्या 'जुळल्या' का, हे शांततेवरून ठरवू नका. खायला घातल्यावर चारही मासे पुढे येतात का ते पाहा. पर अखंड आहेत का, कल्ल्यांची उघडझाप इतरांपेक्षा जास्त आहे का, एखादी जोडी सतत पृष्ठभागाजवळच्या एकाच कोपऱ्यात आहे का, ते पाहा. एक गोष्ट मात्र उगाच घाबरवते. लहान मासा मोठ्यासमोर आडवा होऊन थरथरतो. नवखे लोक याला फिट आली समजतात. ती शरणागती आहे आणि चांगलं लक्षण आहे; ज्या दोघांत ती दिसते त्यांचं जमतं. दोन माद्यांत ती दिसण्याची वाट पाहू नये.

मग एकाहून जास्त जोड्या ठेवताच येत नाहीत का? येतात, पण पैसे आणि जागा लागतात. सहा-सात फुटांची, सहाशे-सातशे लिटरची टाकी, दोन टोकांना दोन आसरे, मधे नजर अडेल अशी दगडांची भिंत. तरीही खात्री नाही, आणि पाण्यानेच सहाशे-सातशे किलो होणारं हे वजन फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार, हे आधी ठरवा. दुसरा मार्ग एकदम दहा-बारा पिल्लं सोडण्याचा. सगळी एका वयाची, एका जातीची. मार वाटला जातो, एकाच्याच वाट्याला येत नाही. काहींकडे असा थवा वर्षानुवर्षं टिकतो. पण त्यांतली एक मादी झाली की पुढे काय होईल हे सांगता येत नाही. शिवाय मादी झाल्याचा पुरावा आपल्याला अंडी दिसली की मिळतो, तर मेंदू त्याच्या कितीतरी आधी बदललेला असतो. प्रयोगशाळेत दिसलं आहे की या माशात मेंदूचा एक भाग मादीसारखा होतो तेव्हा प्रजननग्रंथी अजून नराचीच असू शकते.

माझ्या मते शहाणपणाचा मार्ग पैदास करणाऱ्यांचा आहे, प्रत्येक जोडीला स्वतंत्र छोटी टाकी. खाली एकच सामाईक फिल्टर ठेवला तर खर्च वाचतो, फक्त एका टाकीतला रोगही मग सगळीकडे फिरतो. समुद्रफुलाचा हट्ट नको. ते सांभाळणं माशांपेक्षा अवघड आहे आणि शिकारी नसलेल्या टाकीत क्लाउनफिश त्यावाचून मजेत राहतात. मासे टाकीत जन्मलेलेच घ्या. तमिळनाडूतल्या मंडपमच्या केंद्रीय संशोधन केंद्राने त्यांची पैदास आपल्याकडे कधीच साध्य केली आहे.

डॉक्टर म्हणून एक सांगायलाच हवं. भांडणारे मासे वेगळे करताना माणसं उघड्या हाताने टाकीत घुसतात, दगडाने बोट खरचटतं. माशांच्या टाकीत 'मायकोबॅक्टेरियम मरायनम' हा क्षयरोगाच्या जंतूचा भाऊबंद असू शकतो. दोन-चार आठवड्यांनी बोटावर लालसर गाठ येते, भरत नाही, कधी हातावर वर वर गाठींची माळ सरकते. नेहमीची औषधं लागू पडत नाहीत. हा जंतू तीस अंशांच्या आसपास चांगला वाढतो, सदतीस अंशांवर नाही, त्यामुळे प्रयोगशाळेला आधी सांगितलं नाही तर तपासणीत काही सापडत नाही. डॉक्टर टाकीबद्दल विचारत नाहीत आणि रुग्णाला ते सांगण्यासारखं वाटत नाही. तुम्ही आपणहून सांगा. मुळात लांब हातमोजे घाला.

भूलतज्ज्ञांना हे सगळं सांगून झाल्यावर मी म्हणाले, दोनच लहान पिल्लं घ्या, एक थोडं मोठं, एक थोडं छोटं. जोडी आपोआप बनेल. समुद्रातली मादी तीस वर्षांपर्यंत जगू शकते असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, तेव्हा मुलीच्या लग्नापर्यंत पुरतील. त्यांनी ऐकलं. परवा फोटो दाखवला. मुलीने दोघांची नावं ठेवली आहेत, राम आणि श्याम. त्यातलं एक नाव वर्ष-दीड वर्षात बदलावं लागेल, हे तिला सांगायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं आहे.