इटलीची जुनी तांबडी वाईन : घ्यावी कीं न घ्यावी?

बदलापूरपलीकडे बारवीच्या वाटेवर राहणारे आमच्या मंडळाचे एक जुने सभासद गेल्या माघांत भल्या सकाळीं आमच्या ओटीवर येऊन बसले. त्यांची पावणेदोन एकर भातजमीन रस्त्याच्या कामीं गेली असून मोबदल्याची रक्कम बँकेंत जमा झाली होती. आम्हीं तीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केलेली. तेव्हां मोबदल्याच्याच कागदांविषयीं कांहीं विचारावयाचें असेल असें आम्हांस वाटलें. परंतु त्यांनीं खिशांतून एक चिठ्ठी काढिली. तींत बारा बाटल्यांचा भाव लिहिला होता : इटलीची जुनी तांबडी वाईन, दर बाटलीस १५,००० रुपये, एकूण १,८०,००० रुपये. विकणारा गृहस्थ सांगत होता कीं, हा माल जसजसा जुना होईल तसतसा चढेल आणि मुलीच्या लग्नापर्यंत रकमेची दुप्पट होईल. "भाऊसाहेब, जुना तांदूळ महाग मिळतो, मग जुनी वाईन कां नसावी?" असा त्यांचा सवाल होता.

हा विषय शेतकीच्या मासिकांत कित्येकांस विचित्र वाटेल. पण वाईन हा शेवटीं द्राक्षाचा माल आहे व द्राक्ष शेतांतच पिकतें. ज्यांस मद्य वर्ज्य आहे त्यांनीं हा लेख केवळ मालाची परीक्षा म्हणून वाचावा. आम्हीही बहुतांशीं त्याच पंगतींतले आहों.

वायव्य इटलींत पीडमाँट नांवाचा प्रांत आहे. तेथील लांगे टेकड्यांवर नेब्बिओलो जातीचें काळें द्राक्ष होतें. नेब्बिआ म्हणजे धुकें. धुक्याच्या दिवसांत तोडणीस येणारें म्हणून हें नांव पडलें असें सांगतात. त्याची वाईन ती बारोलो. तेथील कायद्याप्रमाणें ती ३८ महिने मुरविल्याखेरीज विकतां येत नाहीं आणि त्यांपैकीं १८ महिने लांकडी पिंपांत जावे लागतात. 'रिझेर्व्हा' म्हणवावयाची असेल तर ६२ महिने. तिच्याच तोडीची दुसरी म्हणजे टस्कनी प्रांतांतील ब्रुनेल्लो. ती सांजोवेझे द्राक्षाची असते व तोडणीनंतर पांचव्या वर्षाच्या जानेवारींत बाजारांत येते.

इतकें थांबावें कां लागतें, तें पाहण्यासारखें आहे. नेब्बिओलोच्या सालींत व बियांत तुरटपणा फार. कोवळ्या बारोलोनें जीभ अशी आवळते कीं त्यापेक्षां अर्धकच्चें जांभूळ परवडलें, आणि जांभळाचा दाखला बदलापूरकरांस निराळा समजाविण्याचें कारण नाहीं. हीं तुरट द्रव्यें वर्षानुवर्षें एकमेकांस चिकटून जड होतात व तळाशीं साका होऊन बसतात. रस मवाळ होतो, जांभळी छटा जाऊन विटकरी रंग येतो, ताज्या फळाचा वास मावळून सुकल्या फुलांचा व पाल्याचा वास येतो. मूळचा आंबटपणा चांगला असल्यामुळें रस एवढा काळ तग धरतो.

पण म्हणून प्रत्येक वाईन जुनी केल्यानें सुधारते असें नाहीं. जगांत होणारी बहुतेक वाईन दोनचार वर्षांत संपवावी अशीच असते. तांदळाचें तरी काय? वाड्याचा झिनी कोलम नीट ठेविला तर जुना होतो. ओल्या कणगींत ठेविला तर त्यास सोंडे लागतात, आणि मग तो किती वर्षांचा हें कोणी विचारीत नाहीं. शिवाय हंगामही पाहावा लागतो. बारोलोचीं १९८९, १९९० व १९९६ हीं सालें नांवाजलेलीं. १९९२ हें पावसानें बिघडलें व २००२ सालीं गारपिटीनें घात केला.

एवढी माहिती जुळवून आम्ही सभासदांबरोबर माल पाहावयास अंबरनाथास गेलों. माल एका बंद कारखान्याच्या माळ्यावर होता. वर पत्रा, खालीं खोकें, आणि खोक्यांत बाटल्या उभ्या. २००७ सालापासून येथेंच आहेत, असें मालकानें अभिमानानें सांगितलें. जुनी वाईन १२ ते १४ अंश उष्णतेंत, अंधारांत व आडवी ठेवावी लागते. आडवी अशासाठीं कीं बूच ओलें राहून फुगलेलें राहावें. आमच्या भागांत उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि पत्र्याखालीं किती होत असेल तें ज्यानें तेथें काम केलें त्यालाच विचारावें. बाटल्यांवर साल होतें १९९२.

मालकानें एक बाटली वानगी म्हणून फोडली. रस गळ्यापर्यंत असावयाचा तो खांद्याखालीं उतरला होता. बूच ओढण्यापूर्वींच हललें. त्याच्या एका अंगास वरपर्यंत काळा ओघळ होता, म्हणजे उष्म्यानें आंतील रस फुगून बाहेर पाझरला व थंड होतांना त्याच वाटेनें हवा आंत शिरली. पेल्यांत रंग आला तो काढ्यासारखा तपकिरी. विटकरी रंग कडेस व मध्यें तांबूस झांक असें चांगल्या जुन्या मालाचें लक्षण, तें येथें कोठेंच नव्हतें. वास प्रथम उकडलेल्या मनुकांचा व लगेच मागोमाग शिरक्याचा. आम्हीं घोटभर तोंडांत फिरवून थुंकला. सभासदांनीं गिळला व बराच वेळ ते बोलले नाहींत. मालकाचें म्हणणें, जुन्या वाईनीची चव अशीच असते, संवय व्हावी लागते.

हें खरें कीं खोटें, याचा निवाडा एका बाटलीवरून करणें योग्य नव्हतें. सभासदांचा पुतण्या जहाजावर नोकरीस आहे. त्यानें पौषांत घरीं येतांना जिनोआच्या बाजारांतून १९९६ ची एक बारोलो आणिली होती. प्रवाशास दोन लिटरपर्यंत मद्य जकातीवांचून आणतां येतें, त्या सवलतींत. ती थंडीच्या दिवसांत आली व आल्यापासून शीतकपाटांत आडवी होती. परवाने काढून, माघ संपतां संपतां आम्हीं ती उघडली. साका खालीं बसावा म्हणून आदले दिवशीं बाटली उभी केली आणि दिव्यासमोर धरून रस हलक्या हातानें दुसऱ्या भांड्यांत ओतला. गाळ मानेशीं येतांच हात थांबविला. तळाशीं दोन बोटें साका राहिला.

रंग भाजल्या विटेचा, पण पारदर्शक. इटलीचे लोक या वाईनींत सुकल्या गुलाबाचा व डांबराचा वास सांगतात. गुलाब आम्हांस लागला. डांबर म्हणाल तर टंचाईच्या सालीं सडकेच्या कामावर हजेरीपट घेऊन उभे राहिल्यामुळें तेंही ओळखतां आलें. चव तुरट होती, पण ती तुरटी जीभ न ओरबाडतां रेंगाळे. अर्ध्या तासानें वास अधिक खुलला. आमच्या मुखास ती चव जांभळाच्या सालीच्या काढ्याशेजारची वाटली, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. एवढ्यासाठीं पंधरा हजार आम्ही मोजणार नाहीं. पण आंबलेलें व मुरलेलें यांतील भेद त्या दिवशीं ओटीवर बसलेल्या प्रत्येकास कळला. सभासदांच्या वृद्ध मातोश्रींनीं दुरूनच वास घेऊन सांगितलें, "ही नासलेली नाहीं." पहिल्या बाटलीस त्यांनीं नाक मुरडलें होतें.

मधल्या दिवसांत आम्ही उल्हासनगरास एका जुन्या परवानाधारक दुकानदाराकडे जाऊन आलों. त्यानें पेढीवर बसवून चहा दिला आणि स्पष्ट सांगितलें कीं, परदेशी जुनी तांबडी तो ठेवीतच नाहीं. अनेक वर्षें या मालावर शेकडा १५० जकात होती, घेणारा गिऱ्हाईक विरळा, आणि एक मे महिना विजेशिवाय काढावा लागला तर भांडवल गेलें. त्यानें एक खूणही दिली : रीतसर आलेल्या बाटलीवर आयात करणाऱ्याचें नांव व पत्ता यांची चिठ्ठी असतेच. अंबरनाथच्या बाराही बाटल्यांवर ती नव्हती. म्हणजे माल कोठून व कोणत्या वाटेनें आला याचा कागद नाहीं. कागद नसलेली जमीन सभासदांनीं कधीं घेतली नसती.

कागदाचा आग्रह कोणास कारकुनी वाटेल. परंतु १९८६ सालीं इटलींतच स्वस्त वाईनींत मेथिल अल्कोहोल मिसळल्यामुळें वीसहून अधिक माणसें दगावलीं, आणि २००८ सालीं ब्रुनेल्लोंत परजातीचें द्राक्ष घातल्याच्या संशयावरून तेथील सरकारास चौकशी करावी लागली. हें मूळ गांवीं घडतें, तर खोक्यांतल्या मालाची हमी कोणीं द्यावी?

इटलीच्या द्राक्षाची ज्यांस खरी उत्सुकता आहे त्यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील अकलूजकडे पाहावें. तेथें २००७ सालीं दोन इटालियन बंधू, दिल्लीचे दोन बंधू व अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनीं मिळून 'फ्रातेल्ली' हा कारखाना काढिला. इटालियन भाषेंत या शब्दाचा अर्थच बंधू. टस्कनीचे पिएरो मासी हे वाईन करणारे सातवे, म्हणून त्यांच्या मुख्य तांबड्या वाईनीचें नांव 'सेत्ते', म्हणजे सात. तींत सांजोवेझे व काबर्ने सोव्हिन्यों यांचा मेळ असून पहिला हंगाम २००९ चा. पण एक फरक शेतकऱ्यानें ध्यानांत घ्यावा. इटलींत वेल हिंवाळ्यांत झोपतो व वर्षांतून एकदांच छाटतात. आपल्याकडे तो झोपतच नाहीं. एप्रिलांत खरड छाटणी, पावसाळ्यानंतर फळछाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. फळ तापत्या दिवसांत पिकतें, साखर लौकर चढते, आंबटपणा लौकर उतरतो. म्हणून नेब्बिओलोप्रमाणें वीस-तीस वर्षें मुरण्याची अपेक्षा या मालाकडून करूं नये.

आणि वेली लावण्याची घाईही नको. राज्यानें २००१ सालीं द्राक्षप्रक्रियेचें धोरण काढल्यावर नाशिककडे पुष्कळांनीं खाण्याचें द्राक्ष काढून वाईनचें लाविलें. २००८ नंतर मागणी बसली, कारखान्यांनीं माल उचलला नाहीं, आणि हें द्राक्ष बारीक, बियांचें, आंबट. खाण्याच्या बाजारांत त्यास कोण विचारतो? कित्येकांनीं वेली उपटल्या. लेखी करार हातीं असल्याखेरीज या पिकाच्या वाटेस जाऊं नये, असें आमचें मत आहे.

राहिला कायदा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून मद्य विकणें हा गुन्हा आहे. तेव्हां उद्यां त्या बारा बाटल्या खरोखरच दुप्पट किमतीच्या झाल्या असत्या, तरी आमच्या सभासदांस त्या विकतां कोणास आल्या असत्या?

फाल्गुनांत तो गृहस्थ पुन्हां आला. भाव निम्म्यावर, नव्वद हजारांवर उतरला होता. सभासदांनीं त्यास पाणी दिलें, बसविलें व विक्रीच्या परवान्याचा क्रमांक विचारला. उद्यां आणून देतों म्हणून तो गेला तो अद्याप आलेला नाहीं. रक्कम मुलीच्या नांवें मुदतठेवींत आहे. पुतण्याच्या बारोलोची जाड, काळ्या काचेची बाटली मातोश्रींनीं धुऊन घेतली. तींत या वर्षीं काकडीचें बीं राखेंत घालून ठेविलें आहे.