चुन्याची घाणी

तिकोन्याच्या वाटेवर चुन्याची घाणी लागते. गोल दगडी चर आणि त्यात दगडी चाक. ट्रेकर मंडळी फोटो काढतात आणि बालेकिल्ल्याकडं सुटतात. रोहिडा, वासोट्यावरही अशी घाणी आहे. १६६४ साली पायाभरणी झालेल्या सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलं, हे प्रत्येक वाटाड्या रंगवून सांगतो. चुन्याचं तेवढं नशीब नाही.

मावळातल्याच एका पडक्या बुरुजाची डागडुजी चालली होती, तिथं घाणी चालताना पाहिली. बैलाऐवजी मोटर, बाकी सगळं तेच. आधी कळीचा चुना विरवायचा. ढेकळांवर पाणी पडलं की क्षणभर काहीच होत नाही. मग चरचर सुरू होते, वाफ उसळते, ढेकूळ तडकून भुगा होतो. जवळ वाकलात तर डोळे गेलेच समजा. हा चुना खड्ड्यात पाण्याखाली मुरत ठेवतात; जितका मुरेल तितका चांगला.

घाणीत त्याच्याबरोबर वाळू आणि विटांचा भुगा जातो. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत घट्ट होतो. जाड भिंतीच्या पोटात हवा पोचायची कधी? विटेची भुकटी चुन्याशी संयोग पावते आणि ओलीतही त्याला धरून ठेवते. सह्याद्रीच्या पावसात हे फार मोलाचं. गूळ आणि बेलफळाचं भिजवणही पडतं. किती, ते मिस्त्री डोळ्यांनी ठरवतात. मधूनच थापीवर थोडा चुना घेऊन ते थापी उलटी धरतात. पडला तर, “अजून फिरू दे. लोणी व्हायला पाहिजे.” चाक पुन्हा फिरू लागतं. अंदाजपत्रकात या उलट्या थापीसाठी रकाना नसतो.

देशावर चुना चुनखडीचा, कोकणात शिंपल्यांचा. भाजायची भट्टी दोन्हीकडं लागतेच.

भरायच्या आधी जुने सांधे खरवडून धुतात, दगड भिजवतात. भरल्यावर ओलं गोणपाट टाकून दिवसचे दिवस पाणी मारत राहायचं. घाईनं सुकला की चुना तडकतो. सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि चुकवलं जातं तेही हेच.

काही गडांवर दरजांत सिमेंटचे करडे पट्टे दिसतात. सिमेंट जुन्या चुन्यापेक्षा कितीतरी कडक, आणि भिंतीत शिरलेलं पाणी ते सहजी बाहेर सोडत नाही. मग पाणी दुसरी वाट काढतं, आजूबाजूचा जुना चुना पोखरतं. चुन्याला बारीक भेग पडली, तर पाण्यात विरघळलेला चुनाच पुन्हा साचून ती बुजवू शकतो. ही सोय सिमेंटनं फारशी ठेवलेली नाही. पण सिमेंट एका दिवसात उरकतं आणि मार्चअखेरीस बिल लावायचं असतं.

२०२५ साली युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले. आता निधी येईल, निविदा निघतील, त्यांत ‘चुन्यातील काम’ असंही लिहिलेलं असेल. तो चुना खड्ड्यात किती दिवस मुरला, ते बघायला खड्ड्याशी कुणाला उभं करणार, तेही निविदेतच लिहून टाकावं.