कृत्रिम बुद्धिमत्ता : शासनाचा अभ्यास आणि आपले प्रश्न

कोणतेही नवे यंत्र आले की समाजात दोन तट पडतात. एका तटाला वाटते, आता सगळी दुःखे दूर होणार; दुसऱ्याला वाटते, आता आपली भाकरी जाणार. बँकांत संगणक आणण्याची शिफारस डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये केली, तेव्हाही असेच घडले. आज तोच वाद कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल, म्हणजे 'एआय'बद्दल चालू आहे. म्हणून आपल्या सभासदांनी, विशेषतः विद्यार्थी बंधू-भगिनींनी, हा विषय शांतपणे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम साधा संगणक आणि एआय यांतील फरक पाहू. व्याज काढण्याचा नियम माणूस संगणकाला सांगतो व संगणक तो चालवतो. एआयला असा नियम सांगत नाहीत. लाखो जुनी उदाहरणे त्याच्यापुढे ठेवतात आणि त्यांतून ते स्वतःच ठोकताळे बांधते. जशी उदाहरणे, तशी त्याची बुद्धी.

राज्य सरकारांनीही याची दखल घेतली आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या गव्हर्नरांनी सप्टेंबर २०२३ मध्ये आदेश काढला आणि नोव्हेंबरमध्ये तेथील प्रशासनाने एआयचे फायदे व धोके दोन्ही मांडणारा अहवाल दिला. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याचे एआय धोरण ठरविण्यासाठी कृती दल नेमले. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने शेतीसाठी 'महाॲग्री-एआय धोरण २०२५-२९' मंजूर केले व पहिल्या तीन वर्षांकरिता ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरविली.

बाभुळगावसारख्या कापसाच्या तालुक्याला यातून काय मिळू शकते? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. गुलाबी बोंडअळीचा अंदाज घेण्यासाठी शेतात कामगंध सापळे लावतात. एका सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर उपाय करण्याची वेळ आली असे समजतात. वाधवानी एआय या संस्थेने यासाठी मोबाइलवरील साधन तयार केले आहे. सापळ्यातील पतंगांचा फोटो काढला की ते पतंग मोजते आणि फवारणीबाबत सल्ला देते. एक अनावश्यक फवारणी टळली तर शेतकऱ्याचा पैसा वाचतो, आणि पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराच्या छातीत जाणारे विषही टळते. ही संधी खरी आहे.

आता दुसरी बाजू. समजा, कर्ज कोणाला द्यावे हे एआयने ठरवायचे आहे. त्याला जुनी कर्जप्रकरणे दाखविली जातील. पण ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता, जामीनदार नव्हता, ज्यांना बँकेची पायरीच चढता आली नाही, त्यांची नोंद त्या कागदांत असेल कोठून? यंत्राला जातीचा रकाना दाखविला नाही तरी गाव, वस्ती, आडनाव, व्यवसाय यांवरून तेच जुने माप पुन्हा लागू शकते. ॲमेझॉन कंपनीने उमेदवार निवडण्यासाठी असे यंत्र करून पाहिले होते. पूर्वीचे बहुतेक अर्ज पुरुषांचे असल्यामुळे ते स्त्रियांना कमी गुण देऊ लागले. ही गोष्ट २०१८ मध्ये उघड झाली. कंपनीने तो प्रयोग आधीच गुंडाळला होता.

पैनगंगेपलीकडच्या तेलंगणातील उदाहरण तर अधिक बोलके आहे. तेथे संगणकीय माहितीच्या आधारे, घरी जाऊन चौकशी न करता शिधापत्रिका रद्द झाल्या. अखेर एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सुमारे १९ लाख रद्द पत्रिकांची प्रत्यक्ष पडताळणी करण्यास सांगावे लागले. बँकेच्या काउंटरवर आम्ही रोज पाहतो की, पासबुकात नावाचे एक स्पेलिंग असते आणि आधार कार्डावर दुसरे. समोर माणूस उभा असला तर खात्री करता येते. समोर केवळ यंत्र असले, तर एका अक्षरापायी घरातले धान्य बंद होऊ शकते.

मग यंत्र नाकारायचे काय? मुळीच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना हा प्रश्न हाताळला आहे. दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. एआयलाही हीच कसोटी लावली पाहिजे.

तेव्हा शासनाच्या प्रत्येक धोरणाला आपण तीन प्रश्न विचारावेत. यंत्राला शिकविताना कोणाची माहिती वापरली आणि कोण वगळले गेले? अर्ज नाकारला तर त्याचे कारण मराठीत, लेखी मिळेल काय? आणि चूक झाल्यास ती दुरुस्त करणारा जबाबदार अधिकारी कोण? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा नाकारताना लेखी कारण द्यावे लागते आणि त्यावर अपीलही करता येते. 'सिस्टीम घेत नाही' हे उत्तर त्या कायद्यात बसत नाही.

विद्यार्थ्यांनी एआय वापरायला शिकावे, त्याचबरोबर ते कसे शिकते हेही शिकावे. वस्तीतील ज्या आजीचा अर्ज परत आला असेल, तिला कारण विचारणारे पत्र लिहून द्यावे. त्या कामासाठी संगणकाची पदवी लागत नाही. एक कोरा कागद आणि पोचपावती घेण्याचा आग्रह एवढे पुरेसे आहे.