मॅक्डोनल्ड : एका आडनावाची साक्ष

मॅक्डोनल्ड हे नाव आज आपण उपाहारगृहाच्या पाटीवर वाचतो. मुळात ते स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, तेथील गेलिक भाषेतले आडनाव. 'मॅक' म्हणजे मुलगा. मॅक्डोनल्ड म्हणजे डोनल्डचा मुलगा. मुलीसाठी 'मॅक'ऐवजी 'निक' असे वेगळे रूप आहे. प्रारंभी ही केवळ वडिलांवरून ओळख होती आणि ती पिढीगणिक बदलत असे. तेराव्या शतकातील डोनल्डचे वंशज मात्र 'बेटांचे अधिपती' म्हणून इतके प्रबळ झाले, की त्याचेच नाव पुढे कायम राहिले. १४९३ मध्ये स्कॉटलंडच्या राजाने त्यांचे अधिपत्य काढून घेतले, नाव उरले.

या डोनल्डचा आजा सोमरलेड ११६४ मध्ये लढाईत मारला गेला. तो प्राचीन गेलिक राजांच्या वंशातला, असे परंपरा सांगते. हे तपासता येईल काय?

येथे वाय गुणसूत्र उपयोगी पडते. इतर गुणसूत्रांची प्रत्येक पिढीत सरमिसळ होते. वाय गुणसूत्र मात्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते, अगदी आडनावासारखे. क्वचित नक्कल होताना एखादी चूक होते व ती पुढे टिकते. अशा चुकांच्या खुणा जुळल्या, तर पूर्वज एकच असे समजावे. ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी या घराण्याच्या निरनिराळ्या शाखाप्रमुखांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या खुणा जुळल्या. पण त्या गेलिक मुलखात सर्रास आढळणाऱ्या नव्हत्या. त्या नॉर्वेकडच्या निघाल्या! सोमरलेडचा पितृवंश व्हायकिंगांचा होता, असाच याचा अर्थ लागतो. त्याचे नावही मूळचे नॉर्सच आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

आता दुसरा प्रश्न. सर्व मॅक्डोनल्ड त्याचेच वंशज काय? नाही. बहुसंख्यांच्या खुणा वेगळ्याच आहेत. प्रमुखाच्या आश्रयाने राहणारी, त्याची जमीन कसणारी कुळे त्याचेच नाव लावीत. दत्तक मुलेही तेच नाव घेत. म्हणजे आडनाव रक्तापेक्षा आश्रयाने अधिक पसरले. पुढे जमिनी सुटल्या तशी माणसे समुद्रापार गेली. १७७२ मध्ये एका मॅक्डोनल्ड जमीनदाराने आपली माणसे कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर वसविली. १८६७ मध्ये कॅनडाचे पहिले पंतप्रधान झाले तेही ग्लासगोत जन्मलेले जॉन मॅक्डोनल्डच.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. सोमरलेडच्या वायचा 'आर-१-ए' हा गट भारतातही पुष्कळ आढळतो. पण आपल्याकडची शाखा निराळी असून हे फाटे हजारो वर्षांपूर्वीच फुटले आहेत. तेव्हा मॅक्डोनल्डांशी सोयरीक जोडण्याची घाई नको.