सोबती की हत्यार?

मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलच्या मैत्रीविचारापाशी थांबलो होतो. घोड्याशी किंवा बैलाशी मैत्री संभवत नाही, आणि गुलामाशी गुलाम या नात्यानंही नाही, असं त्याचं मत. त्याच्या लेखी गुलाम म्हणजे जिवंत हत्यार. आज हा विचार मी जरा भलत्याच ठिकाणी नेणार आहे. ऑनलाइन खेळांत खेळाडूबरोबर जो पाळीव प्राणी फिरतो, तो सोबती असतो की हत्यार? आणि तो 'सुधारायचा' म्हणजे नेमकं काय करायचं?

मी स्वतः खेळत नाही, या वयात बोटं तेवढी चालत नाहीत. (हशा) पण माझा भाचा गेली कित्येक वर्षं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळतो. ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीचा हा खेळ २००४ साली आला. त्यात 'हंटर' म्हणजे शिकारी झालात, की तुम्हाला रानातलं जनावर माणसाळवता येतं. सुरुवातीच्या काळात त्यासाठी जवळजवळ वीस सेकंद एका जागी उभं राहावं लागे, आणि तेवढ्या वेळात ते जनावर तुम्हाला ओरबाडत असे. नाव तुम्हीच ठेवायचं. मग त्याला खाऊ घालायचं. मांजरकुळातल्या प्राण्याला मांस-मासे लागत, रानडुकराला काहीही चाले. पोट भरलेलं असलं की पडद्यावर हिरवा चेहरा दिसे आणि ते नेहमीपेक्षा सव्वापट जोरानं लढे. चेहरा लाल झाला की जोर पाऊणपटीवर येई. निष्ठेच्याही सहा पायऱ्या होत्या. उपाशी ठेवत राहिलात तर निष्ठा उतरत जाई, आणि शेवटी जनावर चक्क निघून जाई.

खेळाडू याला कंटाळले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पिशवीतल्या मोजक्या जागा बाणांनी आणि मांसानं भरायच्या, दर थोड्या वेळानं खेळ थांबवून घास भरवायचा, ही पट्टी भरल्यासारखी वसुली होती. २००८ मध्ये निष्ठेच्या पायऱ्या काढल्या, २०११ मध्ये खुशीचा चेहराही गेला. आता प्राणी रुसत नाही आणि पळूनही जात नाही. पकडला की आपोआप मालकाच्या पातळीला येतो. २०१० च्या सुमारास पाच प्राणी हाताशी ठेवायची सोय झाली. गटात कुठला गुण कमी पडतोय ते बघायचं आणि त्या जातीचा प्राणी बाहेर काढायचा. म्हणजे बघा, पान्यांचा संच! दहा नंबरचा नट असेल तर दहा नंबरचा पाना.

भाचा मला म्हणाला, "मामा, त्रास गेला, पण त्याच्याकडे बघायचं कारणही गेलं."

इथं थोडं थांबू या. सुधारणा करणाऱ्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात घातल्या, असं मला वाटतं. एक म्हणजे कटकट, दुसरी म्हणजे जबाबदारी. दर तासाला घास भरवणं ही कटकट. पण 'मी याच्याशी वाईट वागू शकतो' ही शक्यता असणं ही जबाबदारी. पान्याशी वाईट वागता येत नाही. तो फार तर गंजतो. ज्याच्याशी वाईट वागता येतं, त्याच्याशीच चांगलंही वागता येतं.

कुणी म्हणेल, सर, ती पडद्यावरची चित्रं, त्यांना कसली वेदना? कबूल. पण कांटनं आपल्या नीतिशास्त्राच्या व्याख्यानांत म्हाताऱ्या कुत्र्याचं उदाहरण घेतलं आहे. जन्मभर राखण केलेल्या कुत्र्याला निरुपयोगी झाला म्हणून गोळी घालणारा मालक कुत्र्याबद्दलचं कर्तव्य मोडत नाही, पण स्वतःमधलं माणूसपण इजा करून घेतो. मला हे कांटचं मत खऱ्या कुत्र्याच्या बाबतीत अपुरं वाटतं. खऱ्या कुत्र्याला दुखतं, आणि तेवढं पुरे आहे. गंमत अशी, की पडद्यावरच्या कुत्र्याला ते तंतोतंत लागू पडतं.

मग काय करावं? भूक परत आणू नका. वेगळेपण आणा. या खेळात बॅडलँड्स नावाच्या प्रदेशात 'ब्रोकन टूथ' नावाची एक मांजर होती, क्वचित दिसणारी. ती दर सेकंदाला एक वार करी, त्यामुळे समोरच्या जादूगाराचा मंत्रच पुरा होत नसे. लोक तिच्यासाठी तासन्‌तास बसून राहत. पुढे समतोलासाठी सगळ्या प्राण्यांचा वेग सारखा केला. स्पर्धेच्या दृष्टीनं ते योग्यच. पण वेग सारखा करताना स्वभाव तरी वेगळे ठेवायचे होते! एखादं जनावर पाण्याला बिचकणारं असावं, एखादं अनोळखी माणसाजवळ गुरगुरणारं. ताकदीत काडीचा फरक नको. आणि त्याला आठवण असावी. ज्या गुहेत दोघं मरता मरता वाचलात, तिच्या तोंडाशी ते पुन्हा आलं की त्यानं कान पाडावेत. असा प्राणी दुसऱ्याशी बदलता येत नाही, कारण त्या दुसऱ्याजवळ ती गुहा नसते.

चुका मात्र जरूर दुरुस्त कराव्यात. जुन्या खेळात शिकारी कठड्यावरून खाली उडी मारी, आणि प्राणी उडी न मारता लांबच्या वाटेनं धावत येई, वाटेतले सगळे राक्षस मागे लावून घेऊन! अख्खा गट मरे. म्हणून उडीआधी "प्राणी आत घ्या" असं ओरडावं लागे. भाचा हे सांगताना अजून हसतो. मला वाटतं, मालकाकडे पोचण्यासाठी जीव टाकून धावणारा तो वेडा प्राणी हाच त्यांना खरा वाटलेला होता. प्रोग्रामच्या लेखी तो निव्वळ दोष.

या खेळात प्राणी कायमचा सोडून देण्याचीही सोय आहे. भाच्याकडे त्याचा पहिला लांडगा आहे, नाव 'खंड्या'. त्याचा आता काही उपयोग नाही, त्याच्यासारखे लांडगे हवे तेवढे मिळतात. मी विचारलं, मग जागा का अडवून ठेवतोस? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढे विचारलं नाही.

हं, तिकडे मागे हात वर झालाय. बोला.