मैदानावरचा तास आणि मेंदूचे रसायन

जून महिन्यात वसतिगृहात नव्याने दाखल झालेली मुले पहिले काही दिवस रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडतात. गेली पंचवीस वर्षे आम्ही हे पाहत आलो आहोत. त्यांची समजूत आम्ही परोपरीने घालतो. परंतु रडणे थांबते ते बहुधा आमच्या बोलण्याने नव्हे. संध्याकाळी खो-खोच्या डावात मूल एकदा धापा टाकेपर्यंत पळाले, की त्या रात्री ते नीट जेवते आणि झोपते. असे का व्हावे, हे शोधण्यासाठी आम्ही, इतिहासाचे शिक्षक असूनही, विज्ञानाचे दार ठोठावले.

प्रथम एका लोकप्रिय समजुतीविषयी. व्यायाम केला की ‘एन्डॉर्फिन’ नावाचे आनंदरसायन स्रवते व मन प्रसन्न होते, असे सर्वत्र सांगितले जाते. एन्डॉर्फिन हे शरीराने स्वतःच तयार केलेले, अफूसारखा परिणाम करणारे वेदनाशामक द्रव्य होय. १९७० च्या दशकात त्याचा शोध लागला. पुढे व्यायामानंतर रक्तात ते वाढल्याचे आढळले आणि सिद्धान्त रूढ झाला. अडचण एवढीच, की रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक तटबंदी असते व रक्तातील एन्डॉर्फिन ती सहजी ओलांडू शकत नाही. रक्तातला पुरावा मेंदूला लावणे म्हणजे एका गावचा ताम्रपट दुसऱ्या गावाच्या नावे वाचण्यासारखे होते. २००८ साली जर्मनीतील संशोधकांनी दोन तास धावून आलेल्या दहा धावपटूंच्या मेंदूचे चित्रण केले, तेव्हा कोठे मेंदूच्या आतही अशी द्रव्ये स्रवत असल्याचा पुरावा मिळाला. २०१५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून आणखी एक दावेदार पुढे आला : भांगेतील द्रव्याशी साधर्म्य असलेली, परंतु शरीरातच तयार होणारी ‘एन्डोकॅनाबिनॉइड’ द्रव्ये. ती ही तटबंदी सहज ओलांडतात. सेरोटोनिन व डोपामिन यांच्या कार्यावरही व्यायामाचा परिणाम होतो. तेव्हा ही किमया एकट्या रसायनाची नाही.

क्षणिक उल्हासापेक्षा आम्हांला अधिक मोलाचे वाटते ते ‘बीडीएनएफ’ नावाचे प्रथिन. १९८२ मध्ये ते प्रथम डुकराच्या मेंदूतून वेगळे करण्यात आले. चेतापेशी जगविणे आणि त्यांच्यातील नवे जोड घडविणे हे त्याचे काम. रोपाला खत, तसे ते मेंदूला. चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूत हे प्रथिन वाढते, असे १९९५ मध्ये दिसून आले. स्मरणाशी निगडित असलेला ‘हिप्पोकॅम्पस’ हा भाग येथे महत्त्वाचा, कारण दीर्घकालीन नैराश्यात तोच आकसलेला आढळतो. २०११ मध्ये अमेरिकेत १२० वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभर नियमित भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला; केवळ अंग ताणण्याचे हलके व्यायाम करणाऱ्यांचा किंचित घटला.

मग व्यायाम हे नैराश्यावरचे औषध मानावे काय? १९९९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी नैराश्यग्रस्त १५६ प्रौढांचे तीन गट केले : एकास व्यायाम, दुसऱ्यास गोळ्या, तिसऱ्यास दोन्ही. १६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारणा झाली; मात्र गोळ्यांचा गुण आधी दिसला. ही मंडळी स्वेच्छेने आलेली होती, हेही विसरता येत नाही. ज्याला अंथरुणातून उठण्याचेही बळ उरलेले नाही, त्या मुलाला “जा, जरा धावून ये” असे सांगणे हा उपचार नव्हे, निष्ठुरपणा होय. तेथे डॉक्टरच हवा, आणि चालू औषध कोणी आपल्या मनाने बंद करू नये. शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तो क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर असावा.

एका पालक सभेत आम्ही हा विषय मांडला असता मागे बसलेल्या एका आईने विचारले, “सर, आम्ही दिवसभर राबतो, मग आमचं मन का हलकं होत नाही?” आम्ही निरुत्तर झालो. पुढे वाचनात आले, की संशोधकांनाही हा फरक आढळला आहे : फावल्या वेळात, आपल्या इच्छेने केलेल्या हालचालीने मनाला जो लाभ होतो, तो पोटासाठी कराव्या लागणाऱ्या कष्टांत दिसत नाही. स्नायूंना दोहोंतला भेद कळत नसेल, मनाला कळतो. दमल्यावर थांबण्याचा अधिकार खेळणाऱ्याला असतो, वेठीला धरलेल्याला नसतो. आमच्या पूर्वजांनी गावकीच्या कामांत केलेल्या पायपिटीला कोणी व्यायाम म्हणेल काय? शिक्षा म्हणून काढावयास लावलेल्या उठाबशांचेही तेच. हा दोष पूर्वी आमच्याही हातून घडला आहे.

जयंतीनिमित्त आपण अठरा तास अभ्यासाचा उपक्रम करतो. तो अवश्य व्हावा. परंतु त्या अखंड परिश्रमांची किंमत बाबासाहेबांच्या शरीराने मोजली; उत्तरायुष्यात मधुमेहाने व सांधेदुखीने त्यांना ग्रासले होते, हेही मुलांना सांगितले पाहिजे. भगवान बुद्धांनी तर देहदंडनाचा मार्ग स्वतः आचरून मग सोडून दिला. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे पावले टाकीत येरझारा घालण्याचे, पाच लाभ दिले आहेत. प्रवास व परिश्रम सोसण्याची ताकद, निरोगीपणा आणि अन्नपचन यांच्याबरोबरच, चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते, असे तेथे म्हटले आहे.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे दमदार हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे मात्र दिवाळी सरली, की दहावीचा खेळाचा तास बीजगणिताला जातो आणि आम्ही शिक्षकच तो देतो. मुलींचा तर त्याआधीच जातो. आठवीनंतर त्या मैदानाच्या कडेला बसलेल्या दिसतात. यंदा पाच ते सहा या वेळेत दहावीच्या मुलामुलींना मैदान मोकळे ठेवण्याचे आम्ही ठरविले आहे. गणिताचा जादा तास पहाटे साडेसहावर गेला असून त्याबद्दल विद्यार्थी आमच्यावर नाराज आहेत.