काळजीलाही उघाडी ठेवा



एरवी या पत्रकात आपण करपा, खोडकिडा, खताच्या मात्रा यांविषयी बोलतो. आज पिकाऐवजी पीक काढणाऱ्या माणसाविषयी बोलू या.

मागच्या पावसाळ्यात उरण तालुक्यातले एक शेतकरी माझ्याकडे भाताची पाने घेऊन आले. पाने निरोगी होती. मी म्हटले, "दादा, भात झकास आहे." ते म्हणाले, "मग साहेब, मला झोप का येत नाही?" छातीत धडधड, पोटात गोळा, रात्री दोनला जाग. बोलता बोलता कळले, की जमिनीच्या कामाचे एक पाकीट पंधरा दिवस घरात न फोडता पडले होते. उघडायचा धीरच होत नव्हता.

आपल्या भागात काळजी का जास्त?

नवी मुंबईसाठी 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडील 95 गावांच्या जमिनी संपादनात आल्या. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात शेतकऱ्यांनी प्राण दिले. पुढे 2013 साली 'नैना' आली, ऑक्टोबर 2025 मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्यांच्याकडे शेत उरले आहे, त्यांच्या मनात एकच प्रश्न : जमीन राहणार की जाणार? वर पावसाचा नेम नाही आणि खाडीचा बांध फुटण्याची भीती आहेच. तेव्हा काळजी वाटणे हा दुबळेपणा नव्हे.

काळजी म्हणजे शरीरात काय होते?

काळजी ही राखणदार आहे. पायाखाली साप दिसला, की शरीर पळायला तयार होते. रक्तात एक रस सुटतो, छाती जोरात उडते, श्वास भरभर चालतो, हातपाय थरथरतात, पोट बिघडते. साप गेला, की सारे शांत होते. पण नोटीस, कर्ज, मुलीचे लग्न हे साप नव्हेत; ते निघून जात नाहीत. मग राखणदार रात्रंदिवस ओरडत राहतो. माणूस थकतो, चिडचिडा होतो, कामात लक्ष लागत नाही. घरातल्या बाईची काळजी तर पुष्कळदा डोकेदुखी आणि अंगदुखी म्हणूनच बोलते. तिकडे दुर्लक्ष करू नये.

आपल्या खारजमिनीचे उदाहरण घ्या. बांध नुसता उंच करून भागत नाही. उघाडी लागते. ओहोटीला आतले पाणी बाहेर जाते, भरतीला दार बंद होते. उघाडीच बुजली, तर बांध शाबूत असूनही आतल्या पाण्याने भात कुजतो. मनाचेही तसेच. काळजी दाबून धरू नये आणि दिवसभर मोकळीही सोडू नये. तिला वाट द्यावी, पण वेळेवर.

काय करावे?

1. *काळजीची वेळ ठरवा.* रोज संध्याकाळी 15 ते 20 मिनिटे वही घेऊन बसा. निजायच्या तोंडावर नको. पानाचे दोन भाग करा : 'माझ्या हातातले' आणि 'माझ्या हाताबाहेरचे'. पाऊस हाताबाहेरचा, उघाडीची दुरुस्ती, सातबारा काढणे, बँकेत विचारणे हातातले. हातातल्यांपैकी एक काम उद्यासाठी ठरवा. दिवसा काळजी आली, तर तिला सांगा, "संध्याकाळी बघू." लिहिता येत नसेल, तर मुलाकडून लिहून घ्या.

2. *टाळू नका.* टाळले, की घटकाभर बरे वाटते; पण भीती दुप्पट होऊन येते. तणासारखेच हे, आज उपटले नाही तर उद्या मूळ धरते. मोठ्या कामाचे लहान तुकडे करा. आज फक्त पाकीट फोडा. उद्या ते जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. परवा ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे जा.

3. *श्वास लांबवा.* धडधड सुरू झाली, की बांधावर बसा. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या, सहा अंक मोजत सावकाश सोडा. असे पाच मिनिटे करा. काळजीचा झटका भरतीसारखा असतो : काही मिनिटांत चढतो आणि आपोआप उतरतो.

4. *झोप सांभाळा.* दुपारनंतर चहा कमी करा. तंबाखू, मशेरी यांनी छातीची धडधड वाढते. दारूने डोळा लागतो, पण झोप मोडते आणि सकाळी काळजी दामदुपटीने परत येते.

5. *एका माणसाशी बोला.* बायको, भाऊ, जुना मित्र, कोणीही. ऐकणाऱ्यानेही "काळजी करू नकोस" म्हणून विषय मिटवू नये. "काय झाले, सांग" म्हणावे आणि ऐकावे.

हे काळजीचे समजू नका

औषध फवारल्यानंतर घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, मळमळ, अंधुक दिसणे असे झाले, तर ती विषबाधा असू शकते. औषधाची बाटली किंवा तिच्यावरचा कागद बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. छातीत दुखून कळ हातात किंवा जबड्यात गेली, तरीही थांबू नका.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दोन आठवडे उलटूनही झोप नाही, कामाला हात लागत नाही, दारू वाढली, तर आरोग्य केंद्रात स्पष्ट सांगा. तिथून पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवतात. ठाण्याला प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. तिथे जाणारा वेडा नसतो. ताप आला म्हणून डॉक्टरकडे जातो, तसेच हे. नुसत्या बोलण्यानेही पुष्कळांना उतार पडतो. गोळ्या दिल्या, तर गुण यायला काही आठवडे लागतात. मनाने बंद करू नका.

14416 हा 'टेलिमानस'चा दूरध्वनी क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. जगणे नको असे कोणाच्या मनात आले, तर त्याला एकटे सोडू नका. लगेच हा क्रमांक लावा किंवा दवाखान्यात न्या. घरातली कीटकनाशके कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या.

त्या पाकिटाचे काय झाले?

ते त्यांनी माझ्या टेबलावरच फोडले. आत मोजणीची नोटीस होती आणि तारीख चार दिवसांवर आली होती. आणखी आठवडाभर ते तसेच राहिले असते, तर मोजणी त्यांच्या माघारी झाली असती. ते वेळेवर हजर राहिले आणि आपल्या हद्दी स्वतः दाखवल्या. जमिनीचा प्रश्न सुटला असे नाही. पण दिवाळीच्या सुमारास भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, आता रात्री झोपतो."

तेव्हा मंडळी, आज संध्याकाळी वही काढा. तुमच्या घरात न फोडलेले पाकीट कोणते, ते पहिल्या ओळीत लिहा.